विखुरलेल्या नोंदी आणि एकसंध दृष्टी

आयुर्वेदीय चिकित्सालयांत आणि औषधनिर्माणशाळांत नोंदींचा दुष्काळ आहे, असे विधान वारंवार केले जाते. ते आम्हांस मान्य नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही, रुग्णांचे केसपेपर, पंचकर्म विभागाची वेगळी वही, औषधालयातील विक्रीची बिले, वनौषधींच्या खरेदीची पावतीपुस्तके, भांडारातील साठापत्रके, प्रत्येक बॅचची निर्मितीपत्रके, प्रयोगशाळेचे अहवाल, विक्रेत्यांची उधारी आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, इतके सारे लेखन आपल्याकडे अखंड चालू असते. मात्र यांतील एका कागदाची दुसऱ्याशी भेट होत नाही. काही नोंदी जाड बांधणीच्या वहीत, काही हिशेबनिसाच्या टॅलीमध्ये, काही एक्सेलच्या तक्त्यांत, तर काही फिरत्या प्रतिनिधीच्या मोबाइलमधील संदेशांत अडकून पडलेल्या असतात. अवयव सारे आहेत, परंतु त्यांना जोडणारे स्रोतस नाही, अशी ही अवस्था होय.

ही विखुरलेली माहिती एकत्र आणावी आणि ती अधिकारी व्यक्तीस संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर, वेबच्या माध्यमातून, सहज पाहता यावी, हा विषय आम्ही या लेखात मांडू इच्छितो. हा विषय संगणकतज्ज्ञांचा आहे, वैद्यांचा नव्हे, असे मानण्याची आपल्याकडे रूढी आहे. आमच्या मते तो प्रथम वैद्यांचा आणि फार्मसीचालकांचाच आहे. संगणकतज्ज्ञाचे काम त्यानंतर सुरू होते.

एखाद्या व्यवसायाची प्रकृती जाणण्यास फार प्रश्न लागत नाहीत. आम्ही येथे तीनच प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न : येत्या तीन महिन्यांत वापराची मुदत संपणारी औषधे कोणती आणि ती कोणत्या फडताळात, कोणत्या शाखेत, कोणत्या विक्रेत्याकडे पडून आहेत? दुसरा : अमुक क्रमांकाच्या बॅचमध्ये दोष आढळला, तर ती बॅच कोणाकोणाच्या हाती गेली, हे किती वेळात सांगता येईल? तिसरा : खरेदी केलेल्या कच्च्या द्रव्यापैकी प्रत्यक्ष औषधात किती उतरले आणि उरलेले कोठे गेले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या दप्तरात निश्चितपणे असतात. तथापि ती शोधण्यास कोठे दोन दिवस, कोठे आठवडा लागतो, आणि तोवर प्रश्नाची निकड संपलेली असते किंवा नुकसान होऊन गेलेले असते.

तिसऱ्या प्रश्नाचे एक उदाहरण घेऊ. समजा, एका फार्मसीने १०० किलो अश्वगंधामूळ खरेदी केले. निवडून, झाडून, वाळवून ते ९४ किलो भरले. कुटून वस्त्रगाळ केल्यावर ९० किलो चूर्ण झाले. शंभर ग्रॅमच्या ८६० डब्या भरल्या गेल्या, म्हणजे ८६ किलो. पहिला आकडा हिशेबनिसाकडे, दुसरा भांडारपालाकडे, तिसरा निर्मिती विभागाकडे आणि चौथा विक्री विभागाकडे असतो. प्रत्येकाची वही आपापल्या जागी चोख असते. मात्र १४ किलो द्रव्य कमी झाले आणि त्यातील शेवटचे ४ किलो केवळ डब्या भरताना गेले, ही गोष्ट त्या चारही वह्यांपैकी एकीतही लिहिलेली नसते. हे चार आकडे एका ओळीत शेजारी शेजारी मांडले की ती कोणाच्याही ध्यानात यावी. ही घट वजनकाट्यातील दोषामुळे झाली, सांडण्यामुळे झाली की प्रत्येक डबीत थोडे अधिक भरले गेल्यामुळे, याचा शोध मग घेता येतो. लक्षण दिसल्याविना निदानाकडे वळता येत नाही, हे वैद्यांना आम्ही काय सांगावे?

मुदतीचा प्रश्न तर आपल्या शास्त्राने फार पूर्वी विचारात घेतला आहे. शार्ङ्गधरसंहितेत चूर्ण दोन महिन्यांनी, तर गुटिका व अवलेह एक वर्षानंतर हीनवीर्य होतात, असे सांगितले आहे. आसव, धातू आणि रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणवान होतात, असेही म्हटले आहे. आधुनिक कायद्याने हाच विचार आपल्या भाषेत मांडला. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमावलीतील १६१-ब या नियमाने आयुर्वेदीय कल्पांच्या वापराची कालमर्यादा कल्पनाभेदानुसार ठरवून दिली आहे. म्हणजे प्रत्येक कल्पाचा काळ वेगळा आणि प्रत्येक बॅचची जन्मतारीख वेगळी. ज्या औषधालयात तीन-चारशे कल्प आणि प्रत्येकाच्या दोन-तीन बॅचेस आहेत, तेथे हा हिशेब केवळ स्मरणशक्तीवर सोपवणे म्हणजे रुग्णाच्या विश्वासाशी खेळणे होय. वीर्य हरवलेले चूर्ण रुग्णास दिले गेले की औषध लागू पडत नाही, आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी मारला जातो.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद अथवा सोमल यांचे अंश आढळले. त्या अभ्यासावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली, आक्षेपही घेतले गेले. शास्त्रोक्त शोधन-मारण केलेला रसकल्प आणि अशुद्ध द्रव्याची भेसळ यांतील भेद त्यात पुरेसा लक्षात घेतला गेला नाही, हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु आक्षेप सिद्ध करावयाचा तर पुरावा लागतो. आपल्या शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची तपासणी बंधनकारक केली. त्या तपासणीचा अहवाल एका फाइलीत, ज्या बॅचचा तो अहवाल त्या बॅचचे निर्मितीपत्रक दुसऱ्या फाइलीत, तिच्यातील द्रव्य ज्या व्यापाऱ्याकडून घेतले त्याची पावती तिसऱ्या गठ्ठ्यात, अशी स्थिती असेल, तर शंका उपस्थित होताच आपण आपल्या औषधाच्या बाजूने उभे कसे राहणार? याउलट, बॅचचा क्रमांक टाकताच द्रव्याचा स्रोत, तपासणीचा अहवाल, निर्मितीचा दिनांक आणि ज्या ज्या विक्रेत्याकडे ती गेली त्यांची नावे एका पानावर दिसू लागली, तर प्रामाणिक फार्मसीला भय उरत नाही. सदोष बॅच परत मागविण्याचे कामही मग तासाभरात सुरू करता येते.

आता एकत्रीकरण म्हणजे नेमके काय, हे पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की जुन्या सर्व वह्या फेकून एक मोठी, महागडी प्रणाली विकत घ्यावी लागते. तसे नाही. हिशेब टॅलीत राहू द्यावा, बिले आहेत त्या प्रणालीतच व्हावीत, भांडाराचा तक्ता एक्सेलमध्येच भरला जावा. प्रत्येक ठिकाणची नोंद रोज रात्री एका ठरावीक साच्यात बाहेर काढून एका सामायिक संग्रहात जमा करावयाची आणि त्या संग्रहातील सार वेबपानावर दाखवावयाचे, इतकाच याचा गाभा आहे. पाहणाऱ्यास कोणतीही विशेष प्रणाली संगणकात घालावी लागत नाही. साधा ब्राउझर आणि स्वतःचा परवलीचा शब्द पुरतो. पान केवळ पाहण्यासाठी असल्याने मूळ नोंदींना धक्का लागत नाही. ज्याची नोंद त्यानेच दुरुस्त करावयाची, ही शिस्तही अबाधित राहते.

या कार्यात खरी अडचण यंत्राची नसून नावांची आहे, आणि येथेच वैद्यांचे ज्ञान अपरिहार्य ठरते. खरेदीच्या पावतीवर व्यापारी ‘गिलोय’ लिहितो, भांडारपाल ‘गुळवेल’ लिहितो, निर्मितीपत्रकात ‘गुडूची’ असते आणि एखादे जुने पाठपुस्तक ‘अमृता’ म्हणते. संगणकाच्या लेखी ही चार द्रव्ये झाली. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. ‘रास्ना’ हे एकच नाव देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पतींना दिले जाते. दक्षिणेत त्या नावाने कुलिंजनाच्या वर्गातील कंद वापरला जातो. ‘ब्राह्मी’ म्हणून कोठे जलब्राह्मी येते, तर कोठे मंडूकपर्णी. ‘शंखपुष्पी’ची कथा याहून वेगळी नाही. नागकेशराच्या नावाखाली आपल्या बाजारात सुरंगीच्या कळ्या विकल्या जातात, आणि अशोकाच्या सालीत आसूपालवाची साल मिसळलेली आढळते. संगणकाच्या लेखी मात्र ही सारी द्रव्ये एकच. तेव्हा प्रत्येक द्रव्यास एक स्थिर संकेतांक, त्याखाली त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव, वापरावयाचा भाग आणि मग सर्व पर्यायी नावे, अशी सूची तयार झाल्याखेरीज आकडे एकत्र करण्यात अर्थ नाही. निघंटुकारांनी पर्यायनामांचा एवढा विस्तार केला, त्यामागेही द्रव्याची ओळख निश्चित व्हावी हाच हेतू होता. ही सूची म्हणजे एका अर्थी निघंटूच होय, आणि तो संगणकतज्ज्ञाने लिहावा असे आम्हांस वाटत नाही.

हे काम आजच का करावे, याचे उत्तर काळाने दिलेच आहे. २००० साली अनुसूची टी अन्वये उत्तम निर्मितिप्रक्रियेचे निकष आयुर्वेदीय औषधनिर्मितीस लागू झाले आणि बॅचनिहाय नोंदी अनिवार्य झाल्या. नियम १५७-अ नुसार परवानाधारक निर्मात्याने मागील आर्थिक वर्षात वापरलेल्या कच्च्या द्रव्यांची माहिती ठरावीक नमुन्यात ३० जूनपूर्वी सादर करावयाची असते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्याच वर्षी रोगांच्या प्रमाणित संज्ञांसाठी ‘नमस्ते’ हे शासकीय पोर्टल आले, २०१९ साली परवान्यांसाठी ‘ई-औषधी’ आले आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आयुर्वेदीय निदानसंज्ञांचा समावेश असलेला विभाग प्रसिद्ध झाला. यांपैकी प्रत्येक ठिकाणी आपल्याकडे माहिती मागितली जाते. आज आपण प्रत्येक वेळी नव्याने वह्या उलगडून ती भरतो. शासनासाठी दहा वेळा गोळा केलेली माहिती स्वतःच्या उपयोगासाठी एकदाही एकत्र न पाहणे, हा विरोधाभास आम्हांस खटकतो.

येथे काही आक्षेप संभवतात. ‘आमचा व्याप लहान, आम्हांस याची काय गरज?’ हा पहिला. खेड्यातील एकट्या वैद्याला मोठ्या प्रणालीची गरज नाही, हे आम्ही मान्य करतो. त्याने तीन तक्ते नीट ठेवले तरी पुरे : साठा व मुदत, खरेदी आणि देणे-येणे. मात्र हे तिन्ही तक्ते एकाच ठिकाणी, एकाच नामसूचीवर आधारलेले असावेत. लहान व्यवसायात मुदतबाह्य मालाचे नुकसान सोसण्याची शक्ती कमी असते, म्हणून त्याला सावधगिरीची गरज अधिक असते, हेही विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले पाठ, खास भावना, विशिष्ट प्रमाण हे सारे उघडे पडेल, अशी भीती अनेक ज्येष्ठ फार्मसीचालक बोलून दाखवितात. ही भीती निराधार नाही. परंतु पाठ आणि व्यवहार या भिन्न गोष्टी आहेत. किती बॅच झाल्या, किती माल शिल्लक आहे, कोठे गेला, एवढे पाहण्यास पाठाचे प्रमाण उघड करावे लागत नाही. कोणास काय दिसावे हे अधिकारानुसार ठरविता येते : भांडारपालास साठा, विक्री विभागास मागणी, वैद्यास उपलब्धता आणि मालकास सर्व.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. रुग्णाची माहिती ही व्यवसायाची मालमत्ता नव्हे. रुग्णाने वैद्यापुढे उघड केलेले दुःख हिशेबाच्या पानावर येता कामा नये. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला; पण कायदा नसता तरी वैद्याच्या आचारधर्माने हेच सांगितले असते. म्हणून रुग्णाचे नाव, दूरध्वनी आणि निदान ही माहिती व्यावसायिक संग्रहापासून वेगळी ठेवावी. एकत्रित पानावर केवळ संख्या यावी. व्यक्ती येऊ नये. बॅच परत मागविण्यासाठी रुग्णापर्यंत पोहोचण्याची वेळ आलीच, तर बिलाच्या क्रमांकावरून तो दुवा केवळ चिकित्सकाला उघडता यावा.

याला जोडूनच एक इशारा देणे आम्हांस कर्तव्य वाटते. विक्रीचे आकडे रोज डोळ्यांपुढे येऊ लागले की मनाला एक नवी सवय लागते. कोणत्या कल्पात नफा अधिक, कोणता माल पडून आहे, कोणता लवकर मुदतबाह्य होणार, हे वैद्याला ओपीडीत बसल्या बसल्या दिसू लागले, तर लेखणी त्या दिशेला वळण्याचा मोह होऊ शकतो. रुग्णाला काय हवे याऐवजी भांडाराला काय नको, हे पाहून औषध लिहिले गेले, तर सारी माहिती असूनही चिकित्सा आंधळी झाली असे म्हणावे लागेल. यास्तव चिकित्सकाच्या पडद्यावर औषध उपलब्ध आहे अथवा नाही, एवढेच दिसावे. नफ्याचा आणि पडून राहिलेल्या साठ्याचा आकडा तेथे मुळीच नसावा. दोष-दूष्य-देश-काल-बल पाहून निर्णय घेणाऱ्या परंपरेत साठापत्रकाला स्थान नाही. ज्या छोट्या व्यवसायात वैद्य आणि मालक एकच असतात, तेथे ही मर्यादा यंत्राला घालता येत नाही; ती ज्याची त्याने स्वतःस घालून घ्यावी लागेल.

योग्य मर्यादेत वापरलेली हीच माहिती मात्र शास्त्राच्या कामी येऊ शकते. सामान्य व्यापारी आपली विक्री महिन्यानुसार अथवा आर्थिक वर्षाच्या तिमाहीनुसार पाहतो. आपण ती ऋतूनुसार का पाहू नये? वर्षा ऋतूत वातप्रकोप, शरदात पित्तप्रकोप, वसंतात कफप्रकोप हे आपण शिकलो आणि शिकवितो. चार-पाच वर्षांची विक्री ऋतूंच्या रकान्यांत मांडली, तर दशमूळ व गुग्गुळकल्पांची मागणी वर्षा ऋतूत, सूतशेखर व अविपत्तिकराची शरदात, सितोपलादीची वसंतात कशी बदलते, हे प्रत्येक जिल्ह्यागणिक पडताळता येईल. कोकणातील आणि मराठवाड्यातील चित्र एकच येईल काय? पाऊस लांबला त्या वर्षी चक्र किती सरकले? विक्री म्हणजे व्याधी नव्हे, हे भान ठेवूनही असे म्हणता येईल की, या प्रश्नांकडे नेणारा मार्ग आपल्याच बिलांतून जातो. शिवाय निर्मितीला त्यातून थेट लाभ आहे. मागणीच्या दोन महिने आधी द्रव्यखरेदी करता आली, तर घाईत, चढ्या भावाने आणि निकृष्ट माल घेण्याची वेळ येत नाही. गुग्गुळासारखे द्रव्य, ज्याची वनस्पती निसर्गात संकटग्रस्त झाली आहे, ते तर गरजेपुरते आणि खात्रीच्या स्रोताकडूनच घेतले पाहिजे. त्यासाठी गरज किती, हे आधी ठाऊक असावे लागते.

व्यवहारात आरंभ कोठून करावा, याविषयी आमच्या सूचना मोजक्या आहेत. प्रथम प्रश्न लिहून काढावेत, प्रणाली नंतर पाहावी. ज्या आकड्यावरून कोणताही निर्णय होणार नाही, तो पडद्यावर आणू नये. रंगीत आलेखांनी भरलेले पान पाहून विक्रेता समाधानी होतो, फार्मसीचालक नव्हे. पहिल्या टप्प्यात केवळ साठा, बॅच आणि मुदत एकत्र आणावी. तीन महिने वही व पडदा समांतर चालवून दोहोंतील तफावत तपासावी, आणि आकडे जुळल्यावरच पुढील विभाग जोडावा. चुकीची नोंद पडद्यावर आली म्हणून बरोबर होत नाही. उलट ती अधिक लोकांची दिशाभूल करते. म्हणून प्रत्येक आकड्यापाशी तो कोणत्या वहीतून, कोणत्या दिवशी आला, हे नमूद असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रणाली पुरविणाऱ्याशी करार करताना आपली सर्व माहिती, मागू तेव्हा, सामान्य तक्त्याच्या रूपात परत मिळेल, अशी अट लेखी घालावी. पुरवठादार बदलला अथवा त्याचा व्यवसाय बंद पडला, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच्याबरोबर जाता कामा नयेत.

एक काम मात्र एकट्यादुकट्याने होणारे नाही. ते संघटनेनेच अंगावर घेतले पाहिजे. द्रव्यांची आणि कल्पांची सामायिक संकेतसूची करणे हे ते काम होय. प्रत्येक फार्मसीने स्वतंत्र सूची केली, तर उद्या दोन फार्मसींची माहिती शेजारी ठेवता येणार नाही आणि आजचाच गोंधळ संगणकात शिरेल. द्रव्यगुणाचे अध्यापक, भैषज्यकल्पनेचे जाणकार, दोन-तीन अनुभवी फार्मसीचालक आणि एखादा हिशेबतज्ज्ञ अशी छोटी समिती नेमावी. नित्य वापरातील शे-दोनशे द्रव्यांपासून तिने आरंभ करावा आणि सूची सर्व सभासदांस विनामूल्य उपलब्ध करून द्यावी. त्या सूचीवर मतभेद होतील. रास्नेवरून तर निश्चितच होतील. परंतु ते मतभेद आज पावतीपुस्तकांत दडलेले आहेत आणि त्यांचे परिणाम रुग्ण भोगत आहे. ते कागदावर, चर्चेच्या मेजावर आलेले बरे.

आपल्या व्यवसायावर बाहेरून प्रश्न विचारले जातात तेव्हा आपण परंपरेचा दाखला देतो. तो दाखला योग्य आहे, परंतु अपुरा आहे. परंपरेने द्रव्य कसे ओळखावे, केव्हा घ्यावे, कसे साठवावे आणि किती काळ वापरावे हे सांगितले. ते आपण तसे केले, हे दाखविण्याचे दायित्व आपले आहे. त्यासाठी लागणाऱ्या सर्व नोंदी आपण आजही ठेवीतच आहोत. त्या एका जागी आणून ज्याला जेवढे पाहण्याचा अधिकार आहे तेवढे पाहू देणे, एवढेच उरले आहे. सभासदांनी आपल्या औषधालयातील दहा प्रमुख द्रव्यांची, ती ज्या ज्या नावांनी वह्यांत नोंदली जातात त्या सर्व नावांसह यादी करून संघटनेकडे पाठवावी, अशी आम्ही विनंती करतो. सामायिक सूचीचे पहिले पान त्यातूनच तयार होईल.